हुकूम इथून, अंमल तिथे

सबमिशनला आठ दिवस उरले होते. हॉस्टेलवर रात्रीचे पावणेबारा. मेसच्या भाजीवरची चर्चा आटोपून सगळे आपापल्या रूमवर गेले होते आणि मी चार ओळींची एक स्क्रिप्ट लिहून, स्वतःवरच खूश होऊन एंटर मारला.

स्क्रिप्टचं काम अगदी साधं. डिपार्टमेंटच्या सर्व्हरवर आमच्या चार प्रोजेक्ट ग्रुपना मिळून एकच लॉगिन दिलेलं होतं. त्यातल्या ‘टेम्प’ नावाच्या फोल्डरमध्ये रोज तात्पुरत्या फायलींचा कचरा साठायचा. महिनाभर मी रोज रात्री लॉगिन करून तो हाताने साफ करत होतो. कंटाळा आला. इंजिनिअरला कंटाळा आला की तो स्क्रिप्ट लिहितो, तशी मी लिहिली. म्हटलं, आता लॉगिन करायलाच नको. माझ्या लॅपटॉपवरून एक कमांड सोडायची, ती तिकडे जाऊन झाडून काढेल.

दोन सेकंदांत संपायचं ते काम संपेना. उलट स्क्रीनवर ‘परमिशन डिनाईड’च्या ओळी धो धो वाहायला लागल्या. आणि त्या ओळींमधली फोल्डरची नावं माझ्या ओळखीची नव्हती, म्हणजे फारच ओळखीची होती. बिन, बूट, ईटीसी... ओळीने, अक्षरांच्या क्रमाने. लिनक्सच्या मूळ फोल्डरमध्ये ईटीसीनंतर कोण येतं हे ज्यांना माहीत आहे त्यांना माझ्या पोटात काय झालं ते कळेल. होम! आणि होममध्ये आमच्या चारही ग्रुपचं सगळं.

मी कंट्रोल-सी दाबलं. ओळी थांबल्या. हुश्श केलं. पण तिकडे सर्व्हरवर काहीच थांबलेलं नव्हतं.

पुढे काय झालं ते शेवटी सांगतो. आधी हे घडलं कसं ते सांगायला हवं, कारण त्या एका ओळीत माझ्या कमीत कमी तीन चुका होत्या आणि तिन्ही चुका तुम्हीही करू शकता. आपल्यापैकी बरेच जण एसएसएच रोज वापरतात. पण हाताने लॉगिन करून कमांड देणं वेगळं आणि तीच कमांड स्क्रिप्टमधून पाठवणं वेगळं. दोन्हीतला फरक मला फार महागात पडून कळला. तुम्हाला फुकटात कळावा म्हणून हा लेख.

(एक सूचना: मासिकाचा हा विभाग मराठीचा, म्हणून कमांड्सही नागरीत छापल्या आहेत. टाईप करताना अर्थातच त्या रोमन अक्षरांत करायच्या!)

थोडा इतिहास

लांबच्या कॉम्प्युटरवर बसल्या जागेवरून काम करायची सोय जुनीच आहे. टेलनेट १९६९ सालापासूनचं. १९८३ मध्ये ४.२ बीएसडी युनिक्सबरोबर आरएसएच म्हणजे ‘रिमोट शेल’ आलं. त्यात लॉगिनचा सोपस्कारसुद्धा न करता एकच कमांड दुसऱ्या मशीनवर पाठवता यायची. स्क्रिप्ट लिहिणाऱ्यांची चंगळच झाली. पण या दोन्हींचा दोष एकच. सगळा मजकूर, टेलनेटच्या बाबतीत तर पासवर्डसकट, तारेवरून उघडा जायचा. आरएसएच तर समोरच्या मशीनचं नाव-पत्ता ओळखीचा दिसला की विश्वास ठेवायचं. म्हणजे मधल्या कुणी कान लावला किंवा ओळखीचा आवाज काढला, की कारभार आटोपला.

१९९५ साली फिनलंडमधल्या हेलसिंकी तंत्रज्ञान विद्यापीठाच्या नेटवर्कवर असाच कान लावून कुणीतरी पासवर्ड गोळा केले. तिथले संशोधक तातू युलोनेन यांनी त्यावर उपाय म्हणून एसएसएच, म्हणजे ‘सिक्युअर शेल’ लिहिलं आणि त्याच वर्षीच्या जुलैत ते मोफत वाटलं. त्यासाठी पोर्ट नंबर मागताना त्यांनी २२ मागितला, कारण एफटीपीचा २१, टेलनेटचा २३ आणि मधला रिकामा होता. मिळालाही. व्हायवात कुणी ‘एसएसएचचा पोर्ट २२ च का?’ असं विचारलं तर उत्तर एवढंच आहे. १९९५ संपेपर्यंत एसएसएच पन्नास देशांतल्या वीस हजार लोकांपर्यंत पोचलं होतं. १९९९ मध्ये ओपनबीएसडीच्या मंडळींनी ओपनएसएसएच आणलं. आज लिनक्सवर आणि मॅकवर आपण वापरतो ते हेच, आणि २०१८ पासून विंडोज १० मध्येसुद्धा त्याचा क्लायंट आयता मिळायला लागला.

कनेक्शन जुळताना काय होतं?

एंटर मारल्यापासून कमांड चालेपर्यंत चार पायऱ्या असतात.

पहिली, गुपित ठरवणं. दोन्ही मशीन आपसात एक गुप्त आकडा ठरवतात, पण तो आकडा तारेवरून पाठवतच नाहीत. ही करामत डिफी आणि हेलमन यांनी १९७६ मध्ये मांडलेल्या पद्धतीवर चालते. यापुढचं सगळं बोलणं त्या गुपितावरून बनवलेल्या किल्ल्यांनी बंद होऊन जातं.

दुसरी, सर्व्हरची ओळख. सर्व्हर आपली ‘होस्ट की’ दाखवून सिद्ध करतो की मी तोच आहे. पहिल्यांदा जोडताना तो लांबलचक ठसा दाखवून ‘यस की नो’ विचारतात ना, तो हाच प्रश्न. आपण न वाचता यस मारतो ते सोडा!

तिसरी, तुमची ओळख. पासवर्डने किंवा चावीने.

चौथी, मागणी. इथे आपला विषय सुरू होतो. क्लायंट सर्व्हरकडे दोनपैकी एक गोष्ट मागतो. एक तर ‘मला शेल द्या, मी बसून टाईप करतो’, नाहीतर ‘ही एक ओळ घ्या, चालवा आणि निकाल सांगा’. पहिल्या मागणीचं नाव शेल, दुसरीचं एक्झेक. २००६ साली हे सगळे नियम आरएफसी ४२५१ ते ४२५४ मध्ये पक्के केले गेले, त्यातल्या शेवटच्यात या दोन मागण्या आहेत. नुसतं

    एसएसएच सर्व्हर

असं लिहिलं की शेल. पुढे कमांड जोडली की एक्झेक:

    एसएसएच सर्व्हर 'डीएफ -एच'

यात सर्व्हरच्या डिस्कवर किती जागा शिल्लक आहे ते तुमच्या स्क्रीनवर येतं आणि एसएसएच बंद होतं. स्क्रिप्टमध्ये आपण वापरतो ती ही दुसरी तऱ्हा.

पासवर्ड नको, चावी हवी

स्क्रिप्ट लिहिताना पहिली अडचण पासवर्डची. एसएसएच पासवर्ड विचारतं तेव्हा तो थेट टर्मिनलवरून वाचतं. तुम्ही पाईप करून पासवर्ड आत ढकलायला गेलात तर दाद देत नाही. हे मुद्दामच तसं आहे. यावर लोकांनी पळवाटा काढल्या. डॉन लिब्स यांचा १९९० चा ‘एक्स्पेक्ट’ हा प्रोग्राम माणूस बसल्याचं सोंग करतो, ‘एसएसएचपास’ही तेच करतो. पण त्यासाठी पासवर्ड कुठेतरी लिहून ठेवावा लागतो आणि ती फाईल मग हॉस्टेलभर पेन ड्राइव्हवरून फिरते. सीनिअर्सकडून आलेल्या स्क्रिप्टमध्ये त्यांचा पासवर्ड सापडल्याचं मी स्वतः पाहिलंय.

सरळ रस्ता चावीचा. ‘एसएसएच-कीजेन -टी ईडी२५५१९’ अशी कमांड दिली की दोन फायली तयार होतात. मी ज्युनिअर्सना असं सांगतो: एक कुलूप आहे आणि एक किल्ली. कुलूप, म्हणजे पब्लिक की, वाटेल तितक्या दारांना लावा. किल्ली, म्हणजे प्रायव्हेट की, तुमच्याच खिशात. ‘एसएसएच-कॉपी-आयडी’ ही कमांड तुमचं कुलूप सर्व्हरवरच्या ‘ऑथोराइज्ड-कीज’ या फाईलमध्ये नेऊन बसवते. किल्ली मात्र कुणालाच द्यायची नाही, रूम पार्टनरलाही नाही. किल्लीला पासफ्रेज लावा आणि ‘एसएसएच-एजंट’ला एकदा सांगून ठेवा, म्हणजे दर वेळी टाईप करावा लागत नाही.

चावी लावली तरी सर्व्हर पासवर्डच विचारतोय, ही नेहमीची तक्रार. नव्वद टक्के वेळा कारण परवानग्यांचं असतं, असं आमच्या लॅबमधला अनुभव सांगतो. सर्व्हरवरचं डॉट-एसएसएच फोल्डर ७०० आणि ऑथोराइज्ड-कीज ६०० असं ठेवा. दुसऱ्या कुणाला त्या फाईलमध्ये लिहिता येत असेल तर सर्व्हर तिच्यावर विश्वास ठेवत नाही आणि तुम्हाला कारणही धड सांगत नाही.

कमांड दोनदा वाचली जाते

आता माझ्या पहिल्या चुकीकडे येतो. या लेखातलं बाकी सगळं विसरलात तरी चालेल, एवढं लक्षात ठेवा.

तुम्ही एसएसएचपुढे जे लिहिता ते आधी तुमच्या लॅपटॉपवरचा शेल वाचतो. तो आपल्या नियमांप्रमाणे डॉलरचे व्हेरिएबल्स भरतो, अवतरणचिन्हं काढून टाकतो. मग एसएसएच उरलेले सगळे तुकडे मध्ये एकेक स्पेस घालून जोडतं आणि ती एक सलग ओळ सर्व्हरला पाठवतं. सर्व्हरवर ती ओळ तिथल्या शेलच्या हातात पडते आणि तो ती पुन्हा पहिल्यापासून वाचतो. म्हणजे ओळ एक, पण वाचणारे दोन. निरोप्याकडे तोंडी निरोप दिला की तो पोचेपर्यंत त्यात आपली भर घालतो ना, तसं. फरक इतकाच की हा निरोप्या नियमानुसार भर घालतो, आपल्यालाच नियम माहीत नसतो.

माझी ओळ अशी होती:

    एसएसएच सर्व्हर "आरएम -आरएफ $साफजागा/*"

‘साफजागा’ हे व्हेरिएबल मी सर्व्हरवरच्या बॅश-आरसी फाईलमध्ये ठेवलं होतं आणि त्यात टेम्प फोल्डरचा पूर्ण पत्ता होता. हाताने लॉगिन करून महिनाभर हीच कमांड मी देत होतो आणि ती बिनबोभाट चालत होती. पण आता कमांड होती दुहेरी अवतरणात. दुहेरी अवतरणातला डॉलर इथला शेल भरतो. माझ्या लॅपटॉपवर ‘साफजागा’ नावाचं काही नव्हतंच. नसलेल्या व्हेरिएबलबद्दल बॅश तक्रार करत नाही, तिथे शांतपणे काहीच घालत नाही. त्यामुळे सर्व्हरकडे जी ओळ गेली ती अशी:

    आरएम -आरएफ /*

म्हणजे ‘मूळ फोल्डरपासून दिसेल ते पुसून टाक’. नशीब एवढंच की आमचं लॉगिन साधं होतं, रूट नव्हतं. म्हणून सर्व्हर वाचला, फक्त जे आमच्या लॉगिनच्या मालकीचं होतं तेवढंच गेलं. म्हणजे सगळं आमचंच.

तुम्ही म्हणाल, मग एकेरी अवतरण वापरायचं! बरोबर, एकेरी अवतरणातला डॉलर इथला शेल बघतसुद्धा नाही, तो जसाच्या तसा तिकडे जातो. नियम म्हणून हेच चांगलं: इथे भरायचं असेल तर दुहेरी, तिथे भरायचं असेल तर एकेरी. पण माझ्या बाबतीत एकेरीनेही घात केला असता, कारण माझी दुसरी चूक वेगळीच होती.

तिथला शेल नेहमीचा नसतो

आपण हाताने लॉगिन करतो तेव्हा सर्व्हर आपल्यासाठी घर मांडून ठेवतो. प्रोफाइल फाईल वाचतो, पाथ भरतो, एलिअस ठेवतो. एक्झेकने एकच कमांड पाठवली की हा पाहुणचार नसतो. लॉगिनच्या वेळच्या प्रोफाइल फायली वाचल्याच जात नाहीत. आणि उबुंटू, डेबियनवरच्या बॅश-आरसीच्या अगदी सुरुवातीला एक अट असते: समोर माणूस बसलेला नसेल तर इथूनच परत फिर. माझं व्हेरिएबल होतं त्या फाईलच्या तळाशी. म्हणजे एकेरी अवतरण लावलं असतं तरी तिकडच्या शेललाही ‘साफजागा’ सापडली नसती आणि निकाल तोच लागला असता!

‘हाताने चालतं, स्क्रिप्टमधून कमांड नॉट फाउंड येतं’ ही जी रड आपण ऐकतो, तिचंही कारण हेच. पाथ वेगळा असतो. म्हणून स्क्रिप्टमधून जे पाठवायचं त्यात प्रोग्रामचा आणि फोल्डरचा पूर्ण पत्ता लिहावा. सर्व्हरवरच्या कुठल्या आठवणीवर विसंबू नये. खात्री करायची तर हे दोन्ही चालवून बघा आणि उत्तरं ताडून पाहा:

    एसएसएच सर्व्हर "एको $पाथ"
    एसएसएच सर्व्हर 'एको $पाथ'

पहिल्यात तुमच्या लॅपटॉपचा पाथ दिसेल, दुसऱ्यात सर्व्हरचा. तो नंतर लॉगिन करून बघितलेल्या पाथशी जुळतो का तेही बघा. पाच मिनिटांचा खेळ आहे, पण सगळा विषय यात आला.

आणखी एक कवच आहे. व्हेरिएबल रिकामं असेल तर पुढे जाऊच नये असं शेलला सांगता येतं. स्क्रिप्टच्या सुरुवातीला ‘सेट -यू’ लिहिलं की नसलेलं व्हेरिएबल वापरताच स्क्रिप्ट तिथेच थांबते. ही एक ओळ असती तर त्या रात्री मला ‘अनबाउंड व्हेरिएबल’ एवढाच एक निरोप आला असता आणि मी शिव्या घालत झोपलो असतो.

कंट्रोल-सी कुणाला लागतं?

तिसरी चूक त्याच क्षणी कळली नाही, दोन दिवसांनी कळली. मी कंट्रोल-सी दाबलं तेव्हा मेला तो माझ्या लॅपटॉपवरचा एसएसएच. लॉगिन करून बसलेले असताना सर्व्हर आपल्याला एक खोटं टर्मिनल देतो, त्यामुळे आपलं कंट्रोल-सी तिकडच्या प्रोग्रामपर्यंत पोचतं. एक्झेकमध्ये ते टर्मिनल मागितलेलंच नसतं. इकडचा फोन आपटला तरी तिकडचा माणूस आपलं काम करतच राहतो! आरएम गप्प राहून फायली पुसत राहिली. पुढच्या परक्या फोल्डरवर तिला तक्रार छापायची वेळ आली, तेव्हा ऐकणारं कुणी नाही म्हणून ती मेली. तोवर आमचं फोल्डर रिकामं झालं होतं.

‘-टी’ हा पर्याय देऊन टर्मिनल मागून घेता येतं, मग कंट्रोल-सी पोचतं. पण खरा धडा उलटा आहे: पाठवलेली कमांड परत बोलावता येईल या भरवशावर पाठवायचीच नाही. आणि याच्या उलटही होतं. टर्मिनलवर लॉगिन करून सुरू केलेलं लांबलचक सिम्युलेशन वाय-फाय गेलं की अर्ध्यात मरतं. अशा कामाला ‘नोहप’ किंवा ‘टीमक्स’ लावून ठेवावं, म्हणजे कनेक्शन तुटलं तरी ते चालू राहतं.

झालं की नाही, कसं कळणार?

स्क्रिप्टला डोळे नसतात. तिला फक्त निकालाचा आकडा कळतो. तिकडची कमांड यशस्वी झाली तर शून्य, फसली तर तिचा जो काही आकडा असेल तो, एसएसएच जसाच्या तसा इकडे आणून देतं. आणि एसएसएच स्वतःच पोचलं नाही तर २५५. हा फरक मोलाचा आहे. ‘ग्रेप’ला काही सापडलं नाही तर १ येतो, सर्व्हर बंद असेल तर २५५. दोन्हीला ‘फेल’ म्हणून मोकळं झालात तर कारण शोधत बसाल.

आणि ओळ कशी जोडता यावरही ते अवलंबून आहे. ‘सीडी फोल्डर; आरएम *’ असं मध्ये अर्धविराम देऊन लिहिलं आणि फोल्डर नसलंच, तर सीडी फसते पण आरएम तरीही चालते, जिथे उभी आहे तिथे! मध्ये दोन अँपरसँड दिले तर पहिलं जमलं तरच दुसरं होतं. पुसापुशीच्या कमांडमध्ये अर्धविराम म्हणजे उघडी विहीर.

एक गमतीचा बगही सांगतो, कारण त्यात आमच्या लॅबमधल्या तिघांच्या तीन संध्याकाळी गेल्या आहेत. मशीनच्या नावांची यादी एका फाईलमध्ये आहे, ‘व्हाइल रीड’ने एकेक नाव वाचून एसएसएच करायचंय. स्क्रिप्ट पहिल्या मशीनवर जाते आणि गुपचूप संपते. एरर नाही, काही नाही. कारण? आत चालणारं एसएसएचसुद्धा त्याच यादीतून इनपुट ओढतं आणि उरलेली सगळी नावं गिळून टाकतं. उपाय एका अक्षराचा: एसएसएचला ‘-एन’ द्या, म्हणजे ते इनपुट वाचत नाही.

    व्हाइल रीड मशीन; डू
      एसएसएच -एन -ओ बॅचमोड=यस -ओ कनेक्टटाइमआउट=५ "$मशीन" 'डीएफ -एच'
    डन < यादी

यातलं ‘बॅचमोड’ म्हणजे ‘प्रश्न विचारत बसू नकोस, चावी चालली नाही तर सरळ फेल हो’. नाहीतर रात्री दोन वाजता स्क्रिप्ट पासवर्डची वाट बघत सकाळपर्यंत उभी! ‘कनेक्टटाइमआउट’ म्हणजे बंद मशीनपाशी पाच सेकंदांपेक्षा जास्त थांबायचं नाही.

अनोळखी सर्व्हरबद्दल येणारा तो यस-नोचा प्रश्न टाळायला बरेच जण होस्ट कीची तपासणीच बंद करून टाकतात. करू नका. दारावर कोण आलंय ते न बघता दार उघडण्यासारखं आहे ते. लॅबच्या सरांकडून सर्व्हरचा ठसा घ्या, एकदा हाताने जोडून ताडून बघा, तो ‘नोन-होस्ट्स’मध्ये जमा होतो आणि पुढे स्क्रिप्टला प्रश्न पडत नाही.

मग आता मी काय करतो?

तीच साफसफाई आजही होते. पण ओळ अशी आहे:

    एसएसएच -एन -ओ बॅचमोड=यस सर्व्हर 'सीडी /होम/प्रकल्प/टेम्प && फाइंड . -टाइप एफ -एमटाइम +७ -डिलीट'

पत्ता पूर्ण, व्हेरिएबल नाही. अवतरण एकेरी. फोल्डर नसेल तर पुढे काहीच होत नाही. आणि आठ दिवस झालेल्या किंवा त्याहून जुन्या फायलीच जातात. पहिला आठवडा ‘-डिलीट’च्या जागी ‘-प्रिंट’ होतं, म्हणजे काय जाणार आहे ते नुसतं बघायचं.

शिवाय या कामाची चावी वेगळी केली. सर्व्हरवरच्या ऑथोराइज्ड-कीजमध्ये त्या चावीच्या ओळीआधी ‘रिस्ट्रिक्ट’ आणि ‘कमांड=’ लिहून ठेवता येतं. मग त्या चावीने कुणीही, काहीही मागितलं तरी सर्व्हर फक्त ती ठरलेली एकच कमांड चालवतो. माझा लॅपटॉप चोरीला गेला आणि चावी चोराच्या हाती लागली, तर त्याला आमचं टेम्प फोल्डर झाडता येईल. झाडू दे बापडा!

पुढे शंभर मशीन सांभाळायची वेळ आली तर ‘अॅन्सिबल’सारखी साधनं आहेत. २०१२ मध्ये आलेलं हे साधन लिनक्स मशीनवर काम करताना आतून एसएसएचच वापरतं. पण खालची वायरिंग कळली नसेल तर चूक एका मशीनवर होण्याऐवजी शंभरांवर होते, एवढाच फरक.

त्या रात्रीचं उरलेलं

मंग्या माझा रूम पार्टनर. त्याच्या ग्रुपचा प्रोजेक्ट पंपाच्या कंपनांवरचा. सेन्सरची रीडिंग्ज तीन महिने त्याच लॉगिनखाली थेट सर्व्हरवर जमा होत होती. मी त्याला उठवलं आणि सांगितलं. तो काही बोलला नाही. भिंतीकडे तोंड करून झोपला, म्हणजे झोपला नाही.

सकाळी साडेआठला मी लॅबच्या दारात उभा होतो. सर आल्या आल्या म्हटलं, “सर, प्रकल्पचं लॉगिन रिकामं झालंय. माझ्या कमांडनं झालंय.”

त्यांनी किल्ल्या टेबलावर ठेवल्या, खुर्ची ओढली. “लॉगिन एकच असलं तरी कुणाच्या चावीने कोण आत आलं त्याचा ठसा लॉगमध्ये असतो. मी बघितलंच असतं. तू आधी आलास हे बरं केलंस. बस.”

सरांकडे दर रविवारी रात्री एका वेगळ्या डिस्कवर घेतलेला बॅकअप होता. आम्हा कुणालाच ते माहीत नव्हतं, आम्ही कधी विचारलंच नव्हतं. तीन ग्रुपचं सगळं परत मिळालं. सोमवार ते गुरुवारची पंपाची रीडिंग्ज मात्र गेली ती गेली. ती दुसरीकडे कुठेच नव्हती.

मंग्या दोन दिवस माझ्याशी बोलला नाही. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी तो हायड्रॉलिक्स लॅबची परवानगी घेऊन निघाला तेव्हा मीही मागे गेलो. चार दिवसांची रीडिंग्ज आम्ही तीन रात्रींत पुन्हा घेतली. पंपाच्या आवाजात बोलता येत नाही, ते एक बरं होतं. दुसऱ्या रात्री दोनच्या सुमारास त्याने थर्मासमधला चहा माझ्यापुढे सरकवला आणि कानाशी येऊन ओरडला, “अरे, ती एकेरी-दुहेरीची भानगड काय आहे, नीट सांग एकदा!”

मी रीडिंगच्या वहीच्या मागच्या पानावर त्याला ती सांगितली. हा लेख त्याच पानावरून उतरवलाय.

ता. क. – तुमच्या सर्व्हरचा बॅकअप कोण घेतं, कधी घेतं आणि कुठे ठेवतं, हे आजच जाऊन विचारा. आम्हाला ते सगळं झाल्यावर कळलं.